मेन्नाची काळी माशी

मी एक माशी बोलतेय, आणि तीही खोटी, मासे फसवायला बनवलेली. मला पंख आहेत पण उडता येत नाही, आणि पोटात लोखंडी गळ आहे. या घडीला मी एका ट्राउट माशाच्या ओठात रुतून बसले आहे. वेल्सच्या डोंगरांतली ही ग्वेरन नदी अजून गढूळच आहे. काठावर म्हातारा इद्वल उभा आहे. मला त्याला एकच गोष्ट सांगायची आहे, पण तोंड नाही. निदान तुम्ही तरी ऐकून घ्या.

माझा जन्म मेन्नाच्या स्वयंपाकघरातला. मेन्ना म्हणजे इद्वलची बायको. तिने गळ चिमट्यात धरला आणि त्यावर आधी शिशाची तार गुंडाळली, म्हणजे मी बुडावं. मग त्यांच्या मोट नावाच्या कुत्र्याच्या शेपटीचे काळे केस, काळ्या कोंबडीचं पीस आणि वरून रेशमाचा दोरा. मी चांगली अंगठ्याच्या पेराएवढी झाले. इद्वल समोरच चहा पीत बसला होता. त्याच्या माश्या तिळाएवढ्या, नाजूक, पाण्यावर तरंगणाऱ्या. मला पाहून तो म्हणाला, "हे झुरळ कुणासाठी?"

"गढूळ पाण्यासाठी," मेन्ना म्हणाली. "पूर आला की मासा काठाच्या गवतात शिरतो. काळं आणि मोठं असेल तेवढंच त्याला दिसतं. आणि तू पाण्यात उतरत जाऊ नकोस. तू उतरतोस ना, तिथेच तो असतो."

"अडतीस वर्षं मासे धरतोय मी."

"अडतीस वर्षं त्यांच्या डोक्यावर उभा राहतोयस."

मेन्नाचे वडील या नदीचे राखणदार होते, तिचं बालपण काठावरच गेलं होतं. पण घरच्या माणसाचं कौतुक कुणाला असतं? इद्वल हसला आणि मला आपल्या टोपीत खोचून मोकळा झाला. सात वर्षं मी त्या टोपीत राहिले. एकदाही पाण्यात पडले नाही.

टोपीतून माणसं मात्र खूप पाहिली. मासे धरणारा माणूस खोटं बोलतोच, हे मला तिथेच कळलं. इद्वलच्या हातून सुटलेला मासा घरी पोचेपर्यंत वीतभर वाढायचा. मेन्ना माशाने चावलेली त्याची माशी खिडकीच्या उजेडात धरायची, दातांचे ओरखडे बघायची आणि माशाचं खरं माप सांगायची. मग हा डोकं खाजवत म्हणायचा, "असेल थोडा लहान." तिला ओरखडे वाचता यायचे, जसं तुम्ही पत्र वाचता.

त्या घरातली एक रीत होती. मासेमारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी जो मासा मिळेल तो ओटच्या पिठात घोळवायचा, डुकराच्या चरबीत तळायचा आणि दोघांनी एकाच ताटलीत खायचा. शेपटीकडचा कुरकुरीत भाग मेन्नाचा. लग्न झाल्यापासून ही रीत मोडली नव्हती.

यंदा जानेवारीत मेन्नाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तिची धाकटी बहीण नेस्ट सेवेला येऊन राहिली. मार्चात हंगाम उघडला त्या दिवशी नदीला पूर होता, पाण्याचा रंग दुधाच्या चहासारखा. इद्वल टोपी घालून खाटेपाशी आला, तेव्हा मेन्नाने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, पुन्हा माझ्याकडे. तो म्हणाला, "हो, हो. शेपटी तुझीच." तिला ते म्हणायचं नव्हतं. मला कळत होतं, पण त्या खोलीत मुक्या आम्ही दोघी होतो.

आणि त्याने तेच केलं जे आजवर करत आला. छातीपर्यंतची रबरी विजार चढवली, काठावरचं बुडालेलं गवत तुडवत पाण्यात उतरला आणि नदीच्या मधोमध त्या तिळाएवढ्या माश्या फेकत राहिला. मधली धार एवढी जोरात होती की तिथे दगड टिकत नव्हता, मासा कुठून टिकणार? गवत तुडवतानाच त्याच्या बुटांखालून माशांच्या दोन सावल्या पळाल्या होत्या. टोपीतून मला त्या स्पष्ट दिसल्या. मी नुसती पाहत राहिले.

दुपारी त्याच्या पेटीतल्या माश्या संपल्या. तेव्हा कुठे त्याने मला टोपीतून काढलं. हात गारठलेले, डोळे अधू. नायलॉनच्या दोऱ्याला माशी बांधताना गाठ आवळण्याआधी ती ओठांत धरून ओली करायची असते, नाहीतर दोरा घासून आतल्या आत जळतो. मेन्ना ते कधी विसरायची नाही. हा विसरला. मला मधल्या धारेत चारपाच वेळा फेकून थकला, गळाची काठी आडवी टाकून काठावर येऊन बसला आणि थर्मास उघडला. मी धारेबरोबर सरकत सरकत त्याच्या पायापाशी, बुडालेल्या गवतात येऊन थांबले.

आणि गवत फाकलं. एवढा मोठा ट्राउट मी कुणाच्या थापेतही ऐकला नव्हता. त्याने मला शांतपणे तोंडात घेतलं. इद्वल काठीवर झेपावला, चहा सांडला, काठी धनुष्यासारखी वाकली. मासा एकदा त्याच्या गुडघ्याशी वर आला, दोघांनी एकमेकांना पाहिलं. मग ती कोरडी गाठ सुटली.

"काठालाच होता," म्हातारा पुटपुटला.

मला वाटलं, आता हा घरी जाईल आणि हेच तिला सांगेल. आज चार दिवस झाले. पाणी थोडं उतरलंय. आज सकाळी नेस्ट शाल गुंडाळून काठावर आली. डॉक्टर येऊन गेले, ताई रविवार काढेलसं वाटत नाही म्हणाले, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "ताईला तू काय सांगितलंस त्या दिवशी?"

"नदीत मासाच नव्हता म्हणून."

"ती सारखी तुझ्या टोपीकडे बघते. काळी माशी कुठे गेली, ते डोळ्यांनी विचारतेय."

"मासा घेऊन येतो, मग सांगतो सगळं. रिकाम्या हातांनी काय सांगू?"

"हात कोण बघतंय इद्वल?" नेस्ट म्हणाली, आणि शाल आवळून निघून गेली.

जन्मभर सुटलेले मासे फुगवून सांगणारा माणूस, आणि खरोखर मोठा सुटला तो गिळून बसला. आता तो पाण्यात उतरत नाही. काठापासून दोन पावलं मागे उभा राहतो, मेन्नाच्या डबीतली दुसरी काळी माशी आणलीय, गाठ ओठांत धरून ओली करतो, आणि अगदी गवताला लागून फेकतो. सगळं तिने सांगितलं तस्सं. पण ज्याच्यासाठी हे चाललंय तो मासा मी टोचल्यापासून ओठ उघडायला तयार नाही. ती माशी आमच्या नाकासमोरून जाते, येते.

तुमच्यापैकी कुणी या वाटेने जाणार असाल तर त्याच्या खांद्यावर हात ठेवा. तिला मासा नकोय, म्हणावं. ती आता घासही गिळू शकत नाही. तिला एकच वाक्य हवंय, आणि ते तुझ्यापाशी चार दिवस तयार आहे. काठी इथेच राहू दे, घरी जा.

आज शुक्रवार आहे. तो पुन्हा गाठ ओली करतोय.