गाडीचं गाऱ्हाणं

सुदेशला गाड्यांची आवड नव्हती. कुडाळपासून तळेऱ्यापर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना त्याने कितीतरी जमिनी घेतल्या आणि विकल्या, पण त्यातल्या एकाही तुकड्यावर कधी अळूचं पान लावलं नाही. घ्यायचं ते विकायला. तेव्हा इटलीहून आलेली ती पिवळीधमक, जमिनीला पोट टेकेल एवढी बुटकी गाडी त्याने का घेतली, हा प्रश्न वाडीत फक्त पोरांना पडला. मोठ्यांना सुदेश ठाऊक होता.

अशी गाडी नुसते पैसे मोजून मिळत नाही. देशात मोजक्याच येतात आणि त्या कोणाला द्यायच्या ते मुंबईचा डीलर ठरवतो. त्याच्या मर्जीत बसायला आधी त्याच्याकडची साधी, म्हणजे त्याच्या लेखी साधी, गाडी घ्यावी लागते. शोरूमच्या पार्ट्यांना जाऊन इंजिनाच्या आवाजावर माना डोलवाव्या लागतात. सुदेशने सगळं निमूट केलं. वर्षभर गाडी विकणार नाही अशा करारावर सही केली आणि त्याच आठवड्यात म्हापशाच्या एका हॉटेलवाल्याशी सौदा ठरवला. गाडी आत्ता, कागद वर्षानंतर, वर भरभक्कम ऑन, म्हणजे किमतीवरचे रोख पैसे.

पण त्याचा खरा जीव अडकला होता पुढच्या गाडीत. दिवाळीनंतर याहून दुर्मिळ गाडी येणार होती. "तिच्या यादीत तुमचं नाव आहे, फक्त ही विकल्याचं आमच्या कानावर येऊ नये," असं डीलरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्या गाडीपुढे ही म्हणजे नुसतं चहापाणी. म्हणून 'गाडीला जीव लावणारा मालक' असा व्हिडिओ करायला शोरूमची समीक्षा येणार म्हटल्यावर सुदेशने थेट ग्रामदेवाच्या देवळात पूजा आणि गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांदेखत देवाला मोठ्याने घालायचं मागणं, ठरवलं. जीव नसता तर कोणी गाडी देवळात आणली असती का?

गाऱ्हाणं घालण्याचा मान दाजी गावकरांचा. त्यांनी आदल्या दिवशी रीतीप्रमाणे विचारलं, "देवाकडे काय मागूचा?"

"गाडीक यश येवंदे म्हणा."

"गाडीक कसला यश? ती तू दारात ठेवतलंस काय विकतलंस, ता सांग."

सुदेश अडकला. तलाठ्यापासून बायकोपर्यंत सगळ्यांशी तो खोटं बोलला होता, पण गाऱ्हाण्यात नाही. गाऱ्हाण्यात घातलेलं खोटं घालणाऱ्यावर उलटतं, हे त्याला लहानपणापासून पक्कं माहीत होतं आणि त्या बाबतीत तो अजून लहानच होता. मग त्याने विचार केला. ती शोरूमची पोरगी फोनवर बोलते ते चोख पुस्तकी मराठी, निम्मं इंग्रजी. मालवणी तिच्या डोक्यावरून जाईल.

"विकूची आसा, दाजीनू. खरा काय ता सांगा. फक्त बेगीन सांगा."

दाजींनी आयुष्यात एकही गाऱ्हाणं घाईत घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी ट्रकवरून देवळाच्या अंगणात उतरली, हार पडला, समीक्षाने फोन वर धरला आणि दाजी बाजारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज नवी गाडी तुझ्या दारात हाडलेली आसा."

"व्हय म्हाराजा," जमलेले सगळे म्हणाले.

"ती तेना बसूक घेवक नाय, विकूक घेतलेली आसा."

"व्हय म्हाराजा."

"तर म्हापशाचो जो गिराईक ठरलेलो आसा, तेची बुद्धी फिरा नये, आणि ज्येंच्याकडसून गाडी घेतली तेंका ह्या कळा नये, असा कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी त्यात एक बारीक आवाज जास्तीचा होता. तो समीक्षाचा होता.

तिने फोन खाली घेतला. "माझा आजोळ आरोंद्याक," ती ओशाळून म्हणाली. "सगळी म्हणाक लागली काय तोंडातसून आपोआप येता."

सुदेश लगबगीने पुढे झाला. "मॅडम, ते आपलं असंच. म्हणायची एक पद्धत असते."

"म्हणजे देवाक खोटा सांगितलात?"

दाजींनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हो म्हणावं, तर या गावात उद्यापासून त्याच्या शब्दावर कोणी वीतभर जमीन देणार नाही. नाही म्हणावं, तर दुसरी गाडी गेली. ती गाडी त्याला फार हवी होती.

"देवाक नाय," तो शेवटी म्हणाला. "तुमका."

आता ही मुंबईला फोन लावणार असं त्याला वाटलं. ती तशीच पायरीवर बसली. "मगे माकाय हंय खोटा बोलाक येवचा नाय. त्या दुसऱ्या गाडीच्या यादीत तुमचा नाव नाय. कधीच नव्हता."

"डीलर स्वतः बोललो माका."

"तो सगळ्यांकाच तसा सांगता. म्हणजे पयली गाडी वर्षभर कोण विकीत नाय."

सुदेशला संताप आला. किती माना डोलवल्या होत्या त्याने. पण संतापाच्या तळाशी त्याला थोडं कौतुकही वाटलं, कारण थाप बेतशीर होती. गिऱ्हाइकाला पुढची आशा लावून आज गप्प बसवायचं. धंद्यातल्या माणसाला ते लगेच कळतं.

तेवढ्यात प्रसादासाठी थांबलेली शेवंती पुढे आली. हायवेलगतची काजूची बाग तिने सुदेशलाच विकली होती आणि आता ती बाजारात भाजी विकायला बसायची.

"सुदेशा," ती म्हणाली, "आज हंय सगळी खरा बोलतत, म्हणान इचारतंय. बाग घेतलंस तेव्हा माका म्हणालंस, रस्तो दुसऱ्या अंगान जातलो, आज दिलंस तर चार पैसे गावतले. ता तुका तेव्हा खराच तसा वाटलेला?"

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. दाजींनी हातातला नारळ खाली ठेवला. शेवंतीच्या मागे आणखी दोघं-तिघं येऊन उभी राहिली. त्यांच्याही जमिनी सुदेशनेच घेतल्या होत्या.

गाडीत बसून तडक निघून जावं असं सुदेशला फार वाटलं, पण ती चालू कशी करायची हे त्याने अजून कोणाला विचारलंच नव्हतं.