कालिनाचा डोळा

पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला आणि आमची रिसाल्याची डिव्हिजन उभी राहिली तेव्हा तिच्यात तीन बादशहांचं उरलंसुरलं सामान होतं. कुणी झारच्या फौजेतून आलेला, कुणी ऑस्ट्रियाच्या, कुणी जर्मनांच्या. खोगिरं तीन तऱ्हेची, सलाम तीन तऱ्हेचे आणि शिव्या तर विचारूच नका. माणसं पोलिश हुकूम चटकन शिकली, घोड्यांची मात्र पंचाईत होई. पहिली दोन वर्षं कवायतीत कुणीतरी मागून हळूच तोच हुकूम रशियनमध्ये म्हणायचा, तेव्हा कुठे रांग सरळ व्हायची.

मी, व्हालेन्ती द्रोज्द, ओल्शान्काच्या छावणीत घोड्यांच्या डॉक्टरांचा हवालदार होतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, तेक्लाक्काचा नवरा ओनुफ्री त्याच रेजिमेंटमध्ये नाईक होता. बढती त्याला दोनदा मिळाली आणि दोनदा गेली, दोन्ही वेळा जिभेपायी. मी हुद्द्याने वरचा, पण पागेत कुणी नसलं की तो मला घरच्या नावाने वालेक म्हणायचा आणि मी त्याला दाजी.

त्याची घोडी कालिना. तांबूस, ठेंगणी, पुढच्या एका पायावर पांढरा मोजा. एकोणीसशे वीस सालच्या उन्हाळ्यात आमची फौज रशियनांपुढे मागे हटत असताना दाजीच्या मांडीत गोळी शिरली होती. नदीवरचा पूल आमच्याच लोकांनी उडवलेला. त्याने घोडीची शेपटी मनगटाला गुंडाळली आणि तिने त्याला पोहत पलीकडे ओढून नेलं. ही गोष्ट त्याने कधी फुगवून सांगितली नाही. "तिला पलीकडचं गवत दिसलं होतं, मी आपला मागे लटकलो," एवढंच म्हणायचा.

पंचविसाव्या साली ऑगस्टमध्ये दुसऱ्या स्क्वाड्रनमधला एक नवा घोडा एकाच नाकपुडीतून गळायला लागला. आमचे डॉक्टर, कॅप्टन बिएलाक, बारीक अंगाचे आणि कमी बोलणारे. त्यांनी घोड्याचं नाक उघडून आत दिवा धरला, बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "हात धू. चांगले धू. आणि कुणाशी बोलू नकोस."

तो नाकाचा रोग होता. घोड्यावरून घोड्याला लागतो, घोड्यावरून माणसालाही लागतो, आणि औषध दोघांनाही नाही. तो घोडा त्याच दिवशी गोळी घालून पुरला. डॉक्टर कर्नलसाहेबांकडे गेले तेव्हा मी दाराशी उभा होतो.

"वीस सप्टेंबरला डिव्हिजनची पाहणी आहे," कर्नलसाहेब म्हणाले. "वॉर्सातून माणसं येणार. आत्ता छावणी बंद करायची म्हणता?"

"रोगाला तारखा कळत नाहीत, साहेब."

"मला कळतात. एकदा तपासणी करा. आजारी निघतील ते मारा. बाकीचे पाहणीला उभे राहतील."

"एका तपासणीने भागत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते."

"पाहणी झाल्यावर करा की."

तपासणी अशी असे. सकाळी सहाला प्रत्येक घोड्याच्या डाव्या डोळ्यात औषधाचा थेंब सोडायचा. घोडा निरोगी असला तर डोळा तसाच राहतो. रोगी असला तर दुपारपर्यंत डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळा पू धरतो. डॉक्टर चार वाजता बघायला येणार होते. तोवर पागेत फिरून नजर ठेवायचं काम माझं.

तीनच्या सुमारास दाजीने मला खुणेनं बोलावलं. कालिना मान खाली घालून उभी होती. डाव्या डोळ्यातून धाग्याएवढी पिवळी रेघ खाली उतरली होती.

"धूळ गेलीय," दाजी म्हणाला.

"दाजी, ही धूळ नव्हे."

"तू डॉक्टर कधी झालास?"

"तुम्हालाही कळतंय."

तो जवळ सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ वालेक, ती खाते, धावते, खोकत नाही. एका थेंबावरून तिला मारायचं? तुझ्या पेटीत बोरिकचं पाणी आहे. पुसून टाक. पाहणी होऊ दे. मग पुन्हा तपासा, तेव्हा निघाली तर मी स्वतः तिला धरून उभा राहीन. शपथ घेतो."

"आणि इतरांना लागला तर?"

"मी तिला टोकाला बांधतो. बादली वेगळी, तोबरा वेगळा. तुझ्या बहिणीला या घोडीनं नवरा परत आणून दिला रे."

मला नाही म्हणता आलं असतं. हे मी इतक्या वर्षांनी स्वच्छ सांगतो. कुणी माझा हात धरला नव्हता. मी कापूस भिजवला आणि डोळा पुसला, एकदा आणि पावणेचारला पुन्हा एकदा.

डॉक्टर आले. कालिनाची पापणी वर करून थांबले. "लाल आहे."

"सकाळी काडी गेली होती साहेब. थेंब टाकण्याआधीच मी धुतला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो आणि एकदाही खोटं बोललो नव्हतो. ते पुढच्या घोड्याकडे वळले.

त्या दिवशी सात घोडी रोगी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या वाळूच्या खड्ड्यात त्यांना गोळ्या घातल्या. दाजी एकाचा लगाम धरून उभा होता. त्या घोड्याचा स्वार लांब कुंपणाशी पाठ करून रडत होता. 

पाहणी झकास झाली. बॅंड वाजला, निशाणं फडकली. वॉर्साच्या साहेबाने आमच्या घोड्यांच्या पाठी तुकतुकीत आहेत म्हणून कौतुक केलं. कालिना दुसऱ्या रांगेत होती. टोकाला बांधायचं कबूल केलं होतं, पण तालमीसाठी स्क्वाड्रनच्या कमांडरने सगळी घोडी एका रांगेत, एकाच हौदावर पाणी पाजायला लावली, आणि दाजी काय सांगून तिला वेगळी काढणार होता?

पाहणीनंतर आठ दिवसांनी कालिनाचं नाक गळू लागलं. हे मला उशिरा कळलं. दाजी पहाटे सगळ्यांच्या आधी उठून स्वतःच्या रुमालाने तिचं नाक पुसायचा आणि तो रुमाल तसाच खिशात घालायचा. मला कळलं ते त्याचा चेहरा पाहून. नाकाच्या बाजूला एक फोड आला होता, डोळे तापाने चकाकत होते आणि खिशातून रुमालाचं पिवळट टोक बाहेर आलं होतं.

"लढाईतला हिवताप आहे, उलटतो मधूनमधून," तो म्हणाला.

"रुमाल दाखवा."

"जा रे, आपलं काम कर."

"दाजी, रुमाल."

त्याने काढून दाखवला. मी तिथून सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाले, "किती वेळा पुसलास?"

"दोनदा."

"मला वाटलं होतं माझीच नजर कमी झाली." त्यांनी टोपी उचलली. "चल. आधी माणसाला दवाखान्यात हलवू. मग घोडी. मग तू."

मग झालेल्या दुसऱ्या तपासणीत एकोणीस घोडी रोगी निघाली. डिव्हिजनच्या साऱ्या छावण्यांची दारं बंद झाली आणि त्या वर्षी आम्ही युद्धसरावाला गेलोच नाही. मारायच्या दिवशी थंडी पडली होती, गवतावर पांढरा थर होता. डॉक्टरांनी माणसं वाटून दिली आणि मला म्हणाले, "कालिनाला तू धर."

त्यात सूड नव्हता. दुसऱ्या कुणापाशी ती शांत उभी राहिली नसती. ती मला ओळखत होती. खड्ड्याच्या कडेला आल्यावर तिने माझ्या कोटाच्या खिशात नाक खुपसलं, साखर शोधायला. मी तिचं नाक हळूच बाजूला केलं. डॉक्टरांनी पिस्तूल टेकवलं. ती आधी पुढच्या गुडघ्यांवर बसली, मग आडवी झाली. अजून अकरा बाकी होती.

दाजी दवाखान्याच्या शेवटच्या खोलीत एकटा होता. अंगभर गळवं उठली होती, चेहरा ओळखू येत नव्हता. तेक्लाक्का गावाहून चालत आली, पण तिला आत सोडलं नाही. खिडकीची काच होती, तिच्याबाहेर ती दोन दिवस उभी राहिली. नर्स तिला गरम दूध आणून द्यायची. मला मात्र हातमोजे घालून आत जायची परवानगी मिळाली, कारण हातमोजे कसे घालायचे ते मला येत होतं.

"कालिनाला चंदी घातलीस?" त्याने विचारलं.

"घातली."

"खाल्ली?"

"सगळी."

"ओट भिजवून दे. दात झिजलेत तिचे." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तेक्लाला सांग, पुसायला मी लावलं. तू तयार नव्हतास म्हण."

बाराव्या दिवशी तो गेला. शवपेटी आतून चुन्याने भरून खिळे ठोकून बाहेर आणली. पाद्र्याने लांबूनच पाणी शिंपडलं. आक्काला त्याचं तोंड पाहायला मिळालं नाही.

डॉक्टरांनी सगळं जसंच्या तसं लिहून वर धाडलं. स्वतःची चूकही लिहिली, की हवालदाराच्या शब्दावर विसंबलो. त्यांची बदली झाली. माझे पट्टे उतरवले आणि सहा महिने कैदेत ठेवलं. कर्नलसाहेबांना कुणी काही विचारलं नाही. पुढे पाच वर्षांनी डिव्हिजनच मोडली आणि रेजिमेंटी इकडेतिकडे वाटल्या गेल्या. आमच्या रेजिमेंटने दहा वर्षांचा इतिहास छापला तेव्हा पंचविसाव्या सालाला दीड पान आलं. त्यात पाहणीचा फोटो आहे. रोगाबद्दल अर्धी ओळ आहे, दाजीचं नाव नाही.

एप्रिलमध्ये सुटलो तो थेट आक्काकडे गेलो. ती अंगणात बियाण्याचे बटाटे कापत होती. दाजीचा निरोप सांगायची मला मुभा होती. पण मी तो सांगितला नाही. म्हटलं, "आक्का, त्याने सांगितलं आणि मी घोडीचा डोळा पुसला. मी नको म्हटलं असतं तर घोडी त्याच दिवशी गेली असती, आणि तो आज जिवंत असता."

ती सुरी चालवत राहिली. मग बोलली, "मी तुझ्या जागी असते तर त्याचं ऐकलं नसतं. त्याचं ऐकायचं नसतं हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी कळलं. तुला इतकी वर्षं कळलं नाही?"

तिने कापलेले बटाटे टोपलीत लोटले.

"नांगरट राहिलीय," ती म्हणाली. "शेजारी दिवसाचे फार मागतो."

मी कोट काढून ठेवला. घोडा तिने घरात ठेवलेला नव्हता, बैल होता. त्या दिवशी खालचा तुकडा झाला. दुसऱ्या दिवशी वरचा. ती बांधावर भाकरी ठेवून जायची आणि मी खायला बसलो की घराकडे वळायची. असा तो सगळा वसंत गेला.