टाळूचा वास

मावशी तेलाचा थेंब तळहातावर घ्यायची, अंगठ्याने चोळायची, हात नाकाशी न्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "चालेल." तेवढं ऐकलं की घरातल्या आईचा जीव भांड्यात पडायचा आणि बाळाचे कपडे उतरायचे. तान्ह्या मुलांना मालीश करण्यात तिचा जन्म गेला होता. आसपासच्या गल्ल्यांमध्ये तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. नाकवाल्या मावशी म्हटलं की झालं.

नाक दिसायला काही खास नव्हतं, चारचौघांसारखंच होतं. पण त्या नाकाचा दरारा असा, की ती दुकानात शिरली की दुकानदार आपण होऊन पुढच्या बाटल्या मागे सारायचा आणि मागच्या ताज्या पुढे काढायचा. एका घरी आजीबाईंनी मोठ्या हौसेने फुलांच्या वासाचं तेल आणलं होतं. मावशीने बाटली उघडली, नाक मुरडलं आणि सरळ सांगितलं, "हे तुमच्या गुडघ्यांना लावा. पोराला नको." आजीबाई पुढे कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. गुडघ्यांना मात्र लावत होत्या म्हणे.

तर या मावशीचं नाक गेलं.

हिवाळ्यात ताप आला. एकटीच्या खोलीत अंथरुणावर पडून काढला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी तिला वाटलं, सर्दी आहे, येईल परत. मग एकदा ती शेगडीकडे पाठ करून कपडे घडी घालत बसली होती, तर डोळे झोंबायला लागले. वळून बघते तो दूध जळून पातेलं काळंठिक्कर. खोली धुराने भरलेली आणि हिला पत्ता नाही. त्या दिवशी ती पातेलं घासता घासता रडली. नंतर जेवण म्हणजे पुठ्ठा चावल्यासारखं झालं. हे कुणाला सांगावं म्हटलं तर सांगायला कुणीतरी हवं ना! दूरच्या शहरातला मुलगा फोनवर विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." त्याला कामावर जायची घाई असायची, आणि तिला त्याची घाई कळायची.

दिवसभरात तिच्या अंगाला कुणाचा हात लागत नसे. नवरा जाऊन जमाना झाला होता. भाजीवाला सुटे पैसे द्यायचा तेसुद्धा फळीवर ठेवून. माणसाची ऊब म्हणून जी काय तिच्या वाट्याला यायची, ती सकाळच्या वेळी, पसरलेल्या पायांवर झोपवलेल्या बाळाची. नाक गेल्याचं कळलं तर तीही जायची. नाकवाली मावशी बिननाकाची झाली तर तिला कोण बोलावणार? म्हणून तिने तोंड शिवलं. थेंब घ्यायचा, चोळायचा, हात नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे. सगळं तसंच. फक्त आत काही यायचं नाही.

अशात नवं घर मिळालं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, तरुण आई आणि तिचं तान्हं पोर. बाळाचा बाप दूर कुठेतरी नोकरीला. त्याने बाळासाठी सूर्यफुलाच्या तेलाची मोठी बाटली पाठवली होती. शुद्ध, घाण्यावर काढलेलं, औषधं न घातलेलं, वगैरे वगैरे. बाळाचं डोकं मोठं, कपाळाला कायम आठी. मावशीने पहिल्याच दिवशी त्याला "साहेब" म्हणायला सुरुवात केली.

"साहेब उठले का?"

"उठलेत, रागावलेत, आणि आता भिजलेतसुद्धा," आतून आई म्हणायची.

मावशीने नाक सोडून सगळं नेटकं केलं. नवं तेल म्हणून आधी साहेबांच्या कोपराच्या आतल्या बाजूला टिपूसभर लावलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली. कुठे लाली आली नाही, तेव्हाच अंगाला हात घातला. तेल शेगडीवर गरम केलं नाही, तळहातातच कोमट केलं. कानात, नाकात, बेंबीत टाकायचं नाही हा तिचा जुनाच नेम. आईला मालीश चालू असताना अंघोळ उरकायची असायची, नाहीतर भिंतीला टेकून डुलकी काढायची असायची. दोघी बायका एकाच खोलीत, पण एक झोपेत आणि दुसरी बाळाशी बोलण्यात. मावशी साहेबांना सगळं सांगायची. मुलाचा फोन, जळलेलं पातेलं, सगळं. साहेब आठी घालून ऐकायचे. त्यांना तिने नाकाचंही सांगितलं होतं. ते कुठे बोलणार नव्हते.

बाटली खिडकीत असायची. उन्हात राहिली की तेल कोमट राहतं, असा आईचा हिशोब. मावशीने एकदा ती उचलून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी बाटली पुन्हा खिडकीत. "तेल उन्हात ठेवू नये," असं म्हणायला काय जड होतं? पण तसं म्हटलं असतं तर आईने विचारलं असतं, "बिघडलंय का बघा बरं." आणि ते बघणं तर तिच्याकडे उरलं नव्हतं. बाटली खिडकीतच राहिली.

मग साहेबांच्या अंगावर बारीक लाल पुरळ उठलं. आधी मांड्यांच्या घडीत, मग पोटावर, पाठीवर. कातडी खरखरीत झाली, एका ठिकाणी ओलसर दिसायला लागली. मावशीने तिथे तेल लावलं नाही, फुटलेल्या कातडीवर ती कधीच लावत नसे. पण बाकीच्या अंगाला लावलं. साहेब रडायला लागले. तेही तिच्या पायांवर, जिथे ते कधी रडले नव्हते.

दवाखान्यात मावशी पिशवी धरून सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी साहेबांना उलटसुलट करून पाहिलं. "तेल कोणतं लावता?"

"तेलाचा प्रश्नच नाही हो," आई ताबडतोब म्हणाली. "आमच्या मावशी रोज वास घेऊन मगच लावतात. त्यांचं नाक सगळीकडे प्रसिद्ध आहे."

मावशीला वाटलं, जमीन फाटावी आणि पिशवीसकट आपण आत जावं.

"असेल," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "तरी सध्या तेल बंद. नैसर्गिक आहे म्हणजे बाधत नाही असं नसतं. हे मलम लावा, कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ घाला आणि कातडी शांत झाली की मला दाखवा."

घरी येताच आईने कंबर कसली. तिने स्वतःच्या खाण्यातलं दूध सोडलं, दही सोडलं, अंडी सोडली. कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून शेंगदाणेही सोडले. "माझ्याच खाण्यातून जात असणार," ती म्हणाली. मावशी अंघोळ घालायला येत राहिली आणि रोज बघत राहिली. आई कोरडी पोळी पाण्याबरोबर गिळायची. डोळ्यांखाली काळं आलं. एकदा ती बाळाला पाजता पाजता म्हणाली, "आईचं दूधच बाळाला सोसत नाही, अशी कसली आई मी?" मावशीने बादली उचलली आणि उगाचच मोरीत जाऊन पुन्हा भरून आणली.

मलमाने म्हणा, तेल थांबल्याने म्हणा, साहेबांची पाठ हळूहळू निवळली. आईच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं. पण ते हसू तिने चुकीच्या हिशोबावर खर्च केलं.

"बघितलंत? माझ्या खाण्याचंच होतं. आता मी ठरवलंय, वरच्या दुधावरच टाकते त्याला. माझी भानगडच नको." तिने खिडकीतून बाटली आणली आणि मावशीच्या पुढ्यात ठेवली. "आणि आजपासून पुन्हा मालीश. कातडी शांत झाली ना! डॉक्टरांना काय, दाखवू नंतर."

साहेब मावशीच्या पायांवर उताणे पडले होते. त्यांनी तिचं बोट पकडलं होतं. मावशीने दुसऱ्या हाताने थेंब घेतला. अंगठ्याने चोळला. थोडा चिकट लागला का? तळहात नाकाशी नेला, डोळे मिटले. आत नेहमीसारखाच रिकामेपणा. आई टॉवेल हातात घेऊन त्या एका शब्दाची वाट बघत उभी होती. तो शब्द म्हटला की उद्याही हे बोट, ही ऊब, सगळं असणार होतं. नाही म्हटला तर आज शेवट.

मावशीने डोळे उघडले. "तू घे वास."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"घे तर खरा."

आईने वाकून तिच्या तळहाताशी नाक नेलं. "नेहमीचाच आहे की."

"नेहमीचा म्हणजे कसा?"

"म्हणजे... रंगाचा जुना डबा उघडल्यासारखा. उग्र, कडवट."

"आधीपासून असाच होता?"

"आधी नव्हता. बरेच दिवस झाले येतोय." आई जराशी गोंधळली. "मला वाटलं, शुद्ध तेलाचा असाच असतो. तुम्ही रोज चालेल म्हणायचात ना."

जे नाक या घरात धडधाकट होतं, ते तिच्या नाकावर भरवसा टाकून गप्प राहिलं होतं.

"तेल खवट झालंय, पोरी," ती म्हणाली. "उन्हाने. पोराला यानेच झालं असणार. तुझ्या दुधाने नाही. मला वास येत नाही. हिवाळ्यात ताप आला, तेव्हापासून अजिबात नाही."

आईने खाली बसून साहेबांना मावशीच्या पायांवरून उचललं. साहेबांनी धरलेलं बोट सुटलं. टॉवेलात त्यांना गुंडाळून ती पलीकडे जाऊन उभी राहिली. मग बोलली, आणि आवाज चढवला असता तर बरं, इतक्या हळू.

"मी काय काय सोडलं मावशी. अंगावरचं दूध तोडणार होते त्याचं. तुम्ही समोर बसून बघत होतात."

"हो."

"एका शब्दाने सांगायचंत. वास मी घेतला असता, हात तुमचा. एवढंच तर होतं."

"नाक गेलेली मालीशवाली कोण ठेवतं, पोरी?"

"मी ठेवली असती," आई म्हणाली.

ठेवली असती. मावशीला ते शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिले. या घरात तिला कुणीतरी ठेवलं असतं, नाकाशिवाय, नुसती ती म्हणून, आणि हे तिला ठेवायची वेळ गेल्यावर कळलं होतं.

"उद्यापासून मीच करीन," आई म्हणाली. "डॉक्टरांना विचारून, नवं तेल आणून."

"लहान बाटली आण. कपाटात ठेव, अंधारात. आधी कोपराला लाव, एक दिवस थांब. आणि रोज वास घे. नाकाला पटलं नाही तर कुणी काही म्हणो, फेकून दे. मी म्हटलं तरी."

आईने मान हलवली. मावशी गुडघ्यावर हात टेकून उठली. उजव्या तळहातावर तेल तसंच होतं, पुसायचं राहून गेलं होतं. तिने डाव्या हाताने दाराची कडी काढली, चपला पायात सरकवल्या. मग उंबऱ्यातच थांबली.

"एक विचारू? त्याच्या टाळूला वास कसा येतो?"

"तुम्हाला माहीत नाही?" आईच्या तोंडून निघून गेलं. "इतके दिवस मांडीवर घेतलंत त्याला."

"बाकी सगळ्या पोरांचा माहीत आहे. याचा नाही. ताप आधी आला, हा नंतर."

आई तिच्याकडे बघत राहिली. राग गेला नव्हता, तो डोळ्यांत दिसत होता. पण तिने साहेबांना वर घेतलं, त्यांच्या टाळूवर नाक टेकलं आणि डोळे मिटले. अगदी मावशी मिटायची तसे.

"दुधाचा येतो," ती म्हणाली. "उन्हात वाळलेल्या चादरीचाही थोडा. आणि मागून गोडसर काहीतरी आहे. त्याचं नाव नाही सांगता येत मला."

मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं. साहेब आठी घालून तिच्याकडे बघत होते. त्यांना ती कुठे निघाली ते कळत नव्हतं.

"चालेल," ती म्हणाली.

दार लागलं. हाताला तेल होतं, म्हणून कठडा न धरता ती सावकाश जिना उतरत गेली.