पार्वतव्वाचं चित्र

पूर ओसरून आठ दिवस झाले होते. २०१९ चा ऑगस्ट. विजयसिंहाचा फोन माझ्या बायकोनं, रत्नव्वानं घेतला. चित्र गेलं, तो म्हणाला. खालच्या खोलीतली पेटी पाण्यात होती, कागदाचा लगदा झाला. रत्नव्वा कट्ट्यावर बसली. म्हणाली, "अव्वा परत गेली."

त्या चित्राशिवाय तिनं आईचा चेहरा पाहिलाच नव्हता. तिची आई पार्वतव्वा गडहिंग्लजला १९५७ साली वारली, तेव्हा रत्नव्वा चाळीस दिवसांची होती. पार्वतव्वाचा फोटो कधी काढलेला नव्हता. घराच्या पुढच्या खोलीत उदयसिंह मास्तर भाड्यानं राहायचे, नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. पुढं त्यांचं फार मोठं नाव झालं. माझ्या सासऱ्यांनी हात जोडले आणि मास्तरांनी तासाभरात कोळशानं चेहरा काढून दिला.

१९९८ मध्ये मास्तरांच्या स्मृतिप्रदर्शनासाठी त्यांचा पुतण्या विजयसिंह चित्र घेऊन गेला. मालक सौ. रत्नव्वा, अशी सहीची पोच दिली. प्रदर्शन संपल्यावर म्हणाला, मास्तरांचं कायमचं दालन बांधतोय, तिथं लावतो. आईला लोक बघतील म्हणून रत्नव्वा हो म्हणाली. नंतर आम्ही जेव्हा जाऊ तेव्हा एकच उत्तर मिळायचं, बांधकाम चालू आहे, चित्र पेटीत आहे. असं एकवीस वर्षं.

फोन आला त्या दिवशी तिनं पोच काढली. "चित्रच न्हाय तर ह्येचं काय करू?" म्हणाली आणि बंबात टाकली. मी अडवलं नाही. ती चूक माझी.

गेल्या वर्षी रत्नव्वा गेली. यंदा कोल्हापुरात मास्तरांचं मोठं प्रदर्शन भरलं. दारावरच्या फलकावर पार्वतव्वा होती. खाली लिहिलं होतं, 'ध्यानस्थ स्त्री'.

मी आत गेलो. चित्राशेजारच्या तक्त्यावर त्याचा सगळा प्रवास छापला होता. चित्रकाराचा संग्रह. २००३ पासून खासगी संग्रह, पुणे. मुंबईत मांडलं २००६ ला, दिल्लीत २०११ ला, बडोद्यात २०१६ ला. म्हणजे पूर आला तेव्हा चित्राला पुण्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती. आणि या माणसानं माझ्या बायकोला पुराच्या नावानं रडवलं.

विजयसिंह पाहुण्यांत उभा होता.

"काय रं विजयसिंह, लगदा वाळला व्हय?"

"अण्णा, हळू बोला. मास्तरांनी अशी ढीगभर चित्रं काढल्यात. ह्ये दुसरं हाय."

"दुसरं? मास्तर काय घरोघरी मढी बसवत हिंडत हुते?"

तक्ता लिहिणारी अनुजा नावाची मुलगी पुण्याहून आली होती. ती पुढं आली. "काका, मढं म्हणजे?"

मी तिला चित्रापाशी नेलं. आमच्यात माणूस गेला की आडवा ठेवत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून बसवतात. कपाळाला विभूती लावतात. मान पडू नये म्हणून हनुवटीखालून कापडाची पट्टी घेऊन मागच्या खुंटीला बांधतात. तक्त्यावर अनुजानं लिहिलं होतं, 'चेहऱ्याभोवतीचे वस्त्र साधनेचे सूचक.'

"बाई, गेल्या वर्षी माझ्या बायकोला अशी पट्टी बांधली तेव्हा डोकं मी धरलं हुतं. कसली साधना?"

ती चित्राजवळ वाकली. कोळशाची रेघ हनुवटीखालून कानामागं आणि तिथून खुंटीपर्यंत गेलेली स्पष्ट दिसत होती. "मी कधी प्रेत असं बसलेलं पाहिलं नाही," ती म्हणाली. "काका, काही लेखी आहे?"

"पोच हुती. जळाली."

"मग मालकांच्या यादीत मला बदल करता येणार नाही. चित्राचं नाव बदलायचं सुचवून पुण्याच्या मालकाला पत्र लिहिते."

विजयसिंहाला तेवढ्यानं जोर आला. "मढं म्हनून लिवलं तर बघायला कोन येनार? ध्यानस्थच ऱ्हाऊ द्या. तुमच्या सासूला मान मिळाला की!"

मी त्याची गळपट्टी धरली. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, माझ्या हातून फार काही झालं नसतं. तरी दोघांनी मला ओढून बाहेर काढलं. मला त्याची लाज वाटत नाही.

त्यानंतर मी पोलीस ठाण्यात गेलो. अर्जावर शिक्का मारून दिला, गुन्हा नोंदवला नाही. अनुजानं पत्र लिहिलं. पुण्याच्या मालकाच्या वकिलाचं उत्तर आलं, चित्र मास्तरांच्या वारसाकडून रीतसर घेतलं आहे. वारस म्हणजे विजयसिंह. त्यानं ते मास्तरांचंच म्हणून विकलं. प्रदर्शन बंगळूरला गेलं, तोच तक्ता घेऊन.

मी दुसरा अर्ज केला आहे. त्याला उत्तर नाही. चित्राखाली अजून ध्यानस्थ स्त्री असंच लिहिलेलं आहे, पार्वतव्वाचं नाव नाही. मालकांच्या यादीत रत्नव्वा नाही. चित्र घरी आणायचं राहिलं आहे.