आंधळा राघू

"माझ्या साड्यांची गोधडी शिव रे शिनू. कुणाच्या अंगावर मिरवायला देऊ नकोस," असं आनंदीबाई जाण्यापूर्वी सांगून गेल्या. श्रीनिवास आईला हो म्हणाला आणि तिच्या तेराव्यानंतर ऑफिसच्या कामासाठी नागपूरला गेला. परत येतो तो बायकोने, निशाने साड्या बोहारणीला देऊन स्टीलचा मोठा डबा घेतलेला. कर्वेनगरच्या वन बीएचकेत गोधडी ठेवायची कुठे, हा तिचा सवाल बिनतोड होता. डबा मात्र मावला.

वर्षभराने मोबाइलवर राघू दिसला.

पायल झेड या गायिकेचं नवं गाणं होतं. जुन्या नटीसारखा अंबाडा, काळा चष्मा, भाड्याची उघडी मोटार, 'घेऊन दे, सगळं घेऊन दे' असे बोल, आणि अंगावर आईची जांभळी इरकल. खांद्यावर उदबत्तीने पडलेलं भोक झाकायला आईने राघू भरला होता. डोळ्यापाशी आल्यावर काळा दोरा संपला. डोळा नंतर काढू म्हणाली, ते राहूनच गेलं.

"अहो, आपली साडी!" निशा सोसायटीभर सांगून आली. आई असताना ती त्याच साडीला पडद्याचं कापड म्हणायची.

श्रीनिवासला वाटलं, एवढी एक मिळाली तरी गोधडी होईल. उसवलेली, चिंध्या झालेली, कशीही. खटपट करून त्याने गाण्याच्या कपडेपटावरच्या मुलीचा नंबर मिळवला.

"सर, काय साडी होती! पण लास्ट शॉटमध्ये जाळली ना ती. तुम्ही पूर्ण नाही बघितलं?"

नव्हतंच बघितलं. राघू दिसला की तो गाणं मागे न्यायचा.

"डोंट वरी. सेम टू सेम विकायला काढतोय. पॅरटसकट."

"आणि डोळा?"

"ओरिजिनलला कुठे होता, सर?"

नवरात्रातल्या जांभळ्या दिवशी पुण्याने तो राघू खांद्यावर घेतला. बँकेत, बसमध्ये, देवळाच्या रांगेत. कुणीही पाठमोरी बाई दिसली की श्रीनिवास थबकायचा. निशानेही तसली साडी घेतली होती. खांद्यावरचा पदर सारखा करण्याची सवय मात्र तिला आधी नव्हती. ती आईची.

संध्याकाळी सोसायटीत भोंडला होता. खिरापतीचा डबा खाली आणायचं काम श्रीनिवासकडे आलं. डबा अर्थातच तोच. जिन्यात त्याला कापड जळल्याचा वास आला. झाकण घट्ट होतं.

पाटावरच्या हत्तीभोवती बायका फेर धरत होत्या. सगळ्या जांभळ्या. एकामागून एक राघू समोरून जात होता, न बघता.

"शिनू."

श्रीनिवासच्या हातातला डबा गार पडला. त्याला शिनू म्हणणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिन्हीसांजेला कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरीपर्यंत थांबावं, हे त्याला आईनेच शिकवलं होतं. ज्यांना दारात अडवायचं असतं ते तिसऱ्यांदा बोलावत नाहीत, म्हणायची.

तिसरी हाक आलीच नाही तर?

फेर थांबला होता. बायका खिरापत ओळखायला डब्याकडे वळल्या.

"ओ," श्रीनिवास म्हणाला. "आलो."