कोंडवाडीचा चिखल महोत्सव

देवेशने शिरोड्याहून टेम्पोत घालून आणलेली चार चाकांची गाडी पाहून त्याची काकी हौसाबाई म्हणाली, "ह्या काय हाडलंस रे? ट्रॅक्टराचा पोर?"

"एटीव्ही म्हणतत हेका, काकी. खंयच्याय जमनीर चलता."

"मगे तुझ्या खळ्यात कित्याक बंद पडली?"

गाडी पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवून, खारं वारं खाऊन गंजली होती. मालकाने कंटाळून विकली आणि देवेशने हरखून घेतली. तिठ्यावर त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान बरं चालत होतं. पण त्याच्या मनात स्वतःचं जे चित्र होतं, त्यात पंप कुठेच बसत नव्हता. त्या चित्रात हेल्मेट होतं, काळा चष्मा होता आणि मागे उडणारा चिखल होता.

चिखलाला तर तोटा नव्हता. तिठ्यावरून कोंडवाडीला येणारी वाट शेतांतून येई, मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, लागे, आणि पावसाळाभर त्या वाटेवर माणूस गुडघ्यापर्यंत रुते. रस्ता मंजूर झाल्याचं वाडी बरीच वर्षं ऐकत होती. ऐकण्यावर वाडीचा आता विश्वास नव्हता, पण सवय होती.

देवेशने दुकान अर्धं बंद ठेवून गाडी उघडली. वाळूचे गुळगुळीत टायर काढून खोल खाचांचे बसवले. गाडीचा सांगाडा चाकांपासून वर उचलून घेतला. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी आणि धुराची नळी, दोन्ही हँडलच्या वर आणल्या. पुढे दोर गुंडाळणारी विंच लावली. दोर झाडाला बांधला की गाडी स्वतःला ओढून काढणार. बायको संचिता हे सगळं दारातून बघत होती.

"इतक्या नळये घराच्या कौलांका लावलं असतंस, तर गळती तरी थांबली असती," ती म्हणाली.

पहिल्या फेरीला तो व्हाळात बसला. दुसऱ्या फेरीलाही बसला. मग हळूहळू त्याला कळलं की चिखलात मध्येच अॅक्सिलरेटरची मूठ, म्हणजे गॅस, सोडायचा नाही, जोरात पिळायचाही नाही. हँडल किंचित डावं-उजवं हलवत राहायचं, म्हणजे टायरला धरायला नवी माती मिळते. महिन्याभरात तो व्हाळ असा पार करू लागला की बांधावरची म्हातारी माणसंही मान हलवत. देवेशला वाटे, ती कौतुकाने हलवतात.

श्रावणात काशीबाईचा पाय मोडला. एरवी तिला खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावर न्यावं लागलं असतं. देवेशने तिला मागे बसवलं, ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि व्हाळ ओलांडून डांबरी रस्त्यावर नेऊन सोडलं. वाटभर ती त्याला शिव्या घालत होती. संचिताने व्हिडिओ काढला. देवेशने त्यातल्या शिव्यांवर तुतारीचा आवाज बसवला आणि तो जगभर पाठवला.

जगाचं माहीत नाही, पण तालुक्याच्या नेत्यांनी, भाऊसाहेबांनी, तो पाहिला. आठवड्याने ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तिठ्यावर हजर झाले. वाडीने पुन्हा रस्ता मागितला. भाऊसाहेबांची नजर गाडीवर होती.

"जरा चक्कर मारू या?"

देवेशने त्यांना व्हाळातून नेलं आणि परत आणलं. चिखल तोंडावर उडाला तसे भाऊसाहेब जत्रेतल्या पोरासारखे किंचाळले. उतरले ते डोळे चमकवत.

"मंडळी, लोक ह्यासाठी परदेशात जातात! रस्ते काय, सगळीकडे आहेत. असा चिखल कुठाय? ही आपली नैसर्गिक संपत्ती! कोंडवाडीत चिखल महोत्सव होणार. आणि ह्या वाटेवर कोणी खडी टाकणार नाही, हा माझा शब्द!"

आयुष्यात त्यांनी पाळलेला हा पहिलाच शब्द ठरला, निदान महोत्सव होईपर्यंत. त्यांनी देवेशला शाल घातली आणि महोत्सवाचा प्रमुख नेमलं. देवेशने शाल खाली ठेवली नाही, हेही खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावर जाताना हौसाबाई व्हाळात अडकली होती. त्याने गाडी थांबवली.

"नको," ती म्हणाली. "आमी नैसर्गिक संपत्तीतसून चलतों."

महोत्सवाला मुंबई-पुण्याहून गाड्या आल्या. वाट पुरेना तेव्हा त्या लावलेल्या भातात शिरल्या. देवेश छातीवर बिल्ला लावून सगळ्यांच्या पुढे होता, त्याच्या मागच्या सीटवर भाऊसाहेब. वळणावर त्याला स्वतःची मळी, भाताचा तुकडा, दिसली. आईने वाकून लावलेली रोपं एका पाहुण्या गाडीच्या टायरच्या खाचांत गुंडाळली जात होती, आणि चालवणारा हात उंचावून त्यालाच सलाम करत होता.

देवेशने सलाम परत केला नाही. व्हाळाच्या मधोमध आला आणि त्याने गॅस सोडला.

गाडी आसापर्यंत शांतपणे बसली.

"काय झालं?"

"रुतली, साहेब."

"मग ती विंच?"

"दोर कुणीतरी झाडाला बांधायला हवा. मला हँडल सोडता येत नाही." देवेशने बांधाकडे पाहून हाक मारली, "कोणी दोर बांधता काय रे?"

बांधावर अख्खी वाडी बसली होती. कोणी हललं नाही. काशीबाई प्लास्टरातला पाय पसरून म्हणाली, "आमका त्यातला काय कळणा नाय बाबा. आमी प्रेक्षक."

शेवटी भाऊसाहेब उतरले. एक चप्पल पहिल्या पावलालाच गेली, दुसरी त्यांनी रागाने तिथेच सोडली. डांबरापर्यंत पोचताना ते दोनदा बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: नेते थेट चिखलात उतरून जनतेत.

रस्ता मात्र झाला. तिठ्यापासून, पुढच्या वर्षीच्या महोत्सवाचा भाऊसाहेबांचा मांडव पडणार होता तिथपर्यंत. व्हाळ आणि वाडी त्याच्या पलीकडे राहिली.

देवेशने दोन्ही नळ्या तशाच ठेवल्या, मागे लोखंडी ट्रॉली जोडली आणि वाटेवर भराव घालायला खाणीवरचा फुटका चिरा, जांभा दगड, व्हाळाकडे ओढू लागला. पहिल्या दिवशी एकटाच होता. दुसऱ्या दिवशी संचिता आली. मग बाकीचे आले, आणि हौसाबाई मुकादम झाली.

"हय नको, थय ओत," ती ओरडली. "आणि ता काळा चष्मा काढ मेल्या, दगड दिसाक होये."