दुसऱ्यांदा घेतलेलं हाड

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हाडाचा पातळ काप घ्यायचा तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, नाहीतर पात्याची धार जाते आणि हाडाचा भुगा होतो. सौम्य आम्लात बुडवायचं, आम्ल बदलत राहायचं, वाट बघायची. आठ-आठ दिवस. वीस वर्षं मी हेच करतेय.

बारा वर्षांच्या मुलीच्या मांडीच्या हाडाचा तुकडा आला होता. कॅन्सर आहे की नाही, ते त्यावरून ठरायचं होतं. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर आम्लाची बरणी रिकामी.

"तुकडा मी कडक आम्लात टाकला, गरम करून," लॅबचे साहेब चहा ढवळत म्हणाले. "सर्जन डोक्यावर बसलेत. स्लाइड झालीसुद्धा!"

स्लाइड पाहिली. सगळं फिकट गुलाबी. पेशी जळल्या होत्या, त्यांच्या केंद्रकांनी निळा रंग कुठे धरलाच नव्हता; निदान करणं अशक्य.

"सगळाच्या सगळा टाकलात?"

"आता कांगावा नको. नमुना अपुरा होता असं लिहा आणि सही करा."

मी रजिस्टर पुढे ओढलं. "बोटाच्या पेराएवढा होता, साहेब! अपुरी पडली ती तुमची अक्कल."

रजिस्टरमध्ये मी लिहिलं : 'घाईमुळे लॅबमध्ये खराब झाला.' सही ठोकली आणि बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आईला जाऊन खरं ते सांगितलं.

"म्हणजे पुन्हा कापणार माझ्या पोरीला?"

"हो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते केलं होतं. अंगात लॅबचा पांढरा कोट तर माझ्याही होता.

दुसरा तुकडा आला, तेव्हा बरणी मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. सर्जनचा फोन आला. म्हटलं, "आठ दिवस लागतील. घाई असेल तर दुसरीकडे पाठवा." त्यांनी फोन आपटला. आपटू दे.

नवव्या दिवशी काप लोण्यासारखे निघाले. कॅन्सर नव्हता. हाडात जंतुसंसर्ग होता, औषधांनी बरा होणारा. आईने हात जोडले, पण माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. पोरीच्या मांडीवर दुसरी जखम होतीच.

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "आपल्या लॅबने अचूक निदान केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले आणि पहिल्या तुकड्याचं काय झालं ते सगळ्यांसमोर, तारखेनिशी सांगितलं. टाळ्या थांबल्या. राग मात्र अजून गेलेला नाही.